दिसते तसे नसते : द्रव्याची ओळख

कला शाखेच्या वार्षिकात स्थायू, द्रव आणि वायू यांच्या गोष्टी कशाला, असे पुष्कळांना वाटेल. शालान्त परीक्षेबरोबर रसायनशास्त्राचा आणि आपला ऋणानुबंध संपला असे मानून आपण मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र या विषयांकडे वळलो. 'द्रव्याचे गुणधर्म' हा धडा परीक्षेपुरता पाठ करावयाचा आणि पेपर संपताच विसरावयाचा, हाच आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव. परंतु त्या धड्यात ज्या प्रश्नाचे उत्तर शोधलेले असते, तो प्रश्न एका शाखेपुरता नाही. समोरची वस्तू नेमकी काय आहे, हे ओळखावे कसे? 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. रसायनशास्त्राचा आरंभ याच म्हणीपासून होतो, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

काचेच्या दोन बाटल्या डोळ्यांसमोर आणा. दोन्हींत पाण्यासारखा नितळ द्रव आहे. दोन्हींचा वास साधारणपणे सारखाच, दारूची आठवण करून देणारा. दोन्ही द्रव पाण्यात सहज मिसळतात, दोन्ही पेटतात. तराजूत घातले तरी दोन्हींचे एक लिटर सुमारे ७९० ग्रॅमच भरते. एका बाटलीत इथेनॉल आहे, म्हणजे मद्यार्क. दुसरीत मिथेनॉल आहे. हे रंग-रोगणांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत लागते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेली गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक कष्टकरी होते. डोळे, नाक आणि जीभ या तिन्ही इंद्रियांनी त्यांना एकाच वेळी दगा दिला.

या दोन बाटल्यांतील फरक कशात आहे, हे समजून घेण्यासाठी आपल्याला तो विसरलेला धडा पुन्हा उघडावा लागेल. लेखाच्या शेवटी आपण या बाटल्यांकडे परत येऊ.

इंद्रियांची वाटणी

ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते ते द्रव्य, अशी आजची व्याख्या आहे. या व्याख्येप्रमाणे दगड, दूध, हवा ही द्रव्ये होत. प्रकाश आणि उष्णता यांना त्यांत स्थान नाही.

आपल्याकडील वैशेषिक दर्शनात कणादांनी नऊ द्रव्ये मानली : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा आणि मन. यांतील पहिल्या पाचांची ओळख पटविण्याची रीत मोठी लक्षणीय आहे. पृथ्वीचा विशेष गुण गंध, आपाचा रस, तेजाचा रूप, वायूचा स्पर्श आणि आकाशाचा शब्द. म्हणजे नाक, जीभ, डोळा, त्वचा आणि कान या पाच इंद्रियांना जग ज्या पाच वाटांनी भेटते, त्या वाटांवरून जगाची विभागणी केलेली आहे. तिला हसण्याचे कारण नाही. तीत आधुनिक विज्ञान शोधण्याचा अट्टाहासही नको. माणसाला जग कसे जाणवते, या प्रश्नाचे ते सुसंगत उत्तर होते. रसायनशास्त्राचा प्रश्न निराळा आहे. माणसाला काय जाणवते हे बाजूला ठेवून, एखादे द्रव्य तापविले, गोठविले, जाळले किंवा दुसऱ्यात मिसळले तर ते कसे वागते, हे ते पाहते. द्रव्याची ओळख त्याच्या वागणुकीवरून ठरते.

तीन अवस्था आणि आणखी काही

थंडीच्या दिवसांत पुण्याच्या किंवा नाशिकच्या घरांत सकाळी खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. तेल गोठलेले असते. बाटली थोडा वेळ उन्हात ठेवली की पुन्हा पातळ. तेल तेच, अवस्था मात्र बदलली. स्थायूला स्वतःचा आकार आणि आकारमान दोन्ही असतात. द्रवाला आकारमान असते, पण आकार भांड्याचा घ्यावा लागतो. वायूला दोन्ही नसतात. तो मिळेल तेवढी जागा भरून टाकतो. कारण सोपे आहे. स्थायूतील कण आपापल्या जागी थरथरत असतात, द्रवातील एकमेकांना धरून सरकत असतात आणि वायूतील मोकळे उधळलेले असतात. उष्णता दिली की कणांची हालचाल वाढते आणि शेवटी ही पकड सुटते.

अवस्था हा वस्तूचा कायमचा स्वभाव नव्हे. तापमान आणि दाब यांवर ती अवलंबून असते. गॅलियम नावाचा धातू सुमारे २९.८ अंश सेल्सियसला वितळतो. थंडीत तो टेबलावर घट्ट धातूच्या रूपात राहील आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याच टेबलावर पाऱ्यासारखा वाहू लागेल. पाणी १०० अंशांना उकळते, हे आपण घोकले. पण ते समुद्रसपाटीपुरते खरे. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळू लागते. उलट प्रेशर कुकरमध्ये दाब वाढवून आपण तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत नेतो आणि डाळ लवकर शिजते.

बर्फ वितळताना आणखी एक गोष्ट दिसते. बर्फाच्या भांड्याला उष्णता देत राहिले तरी सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमापकातील पारा शून्याच्या वर सरकत नाही. दिलेली उष्णता जाते कोठे? ती कणांची पकड सोडविण्यात खर्च होते. १७६०च्या सुमारास स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक याने हिला सुप्त उष्णता म्हटले. एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्यात एक ग्रॅम पाणी शून्यावरून सुमारे ८० अंशांपर्यंत तापेल. बर्फ असा एका ठरलेल्या अंशावर वितळतो, खोबरेल तेल मात्र हळूहळू मऊ होत, काही अंशांच्या टप्प्यात वितळते. कारण तेलात अनेक प्रकारचे स्निग्ध पदार्थ एकत्र असतात. ठरलेला वितळणबिंदू ही शुद्धतेची खूण आहे. पदार्थ ओळखण्याची एक कसोटी येथे आपल्या हाती लागली.

अवस्था तीनच, हेही आता पुरे सत्य राहिलेले नाही. अतिशय तापलेल्या वायूतील अणू फुटून विद्युतभारित कण वेगळे होतात. ही प्लाझ्मा अवस्था सूर्यात आणि विजेच्या लोळात असते. दुसऱ्या टोकाला, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, द्रव्याची आणखी एक अवस्था असली पाहिजे हे आइन्स्टाइनने १९२५ मध्ये दाखविले. त्याला आधार होता ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४च्या संशोधनाचा. ती अवस्था प्रत्यक्षात आली १९९५ मध्ये, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील प्रयोगशाळेत. तिच्या नावात आजही बोस यांचे नाव आहे.

कापूर आणि चुना

आता बदलांकडे वळू. देवघरातील कापराची डबी उघडी राहिली तर काही दिवसांनी वड्या लहान झालेल्या दिसतात. आरतीच्या वेळी तबकात पेटविलेला कापूरही नाहीसा होतो. दोन्ही वेळा हाती काही उरले नाही. पण घडले मात्र अगदी भिन्न. डबीतील कापूर द्रवरूप न होता सरळ वायुरूप झाला. याला संप्लवन म्हणतात. खोलीभर पसरलेला सुवास हीच तो अजून कापूरच असल्याची साक्ष. हा भौतिक बदल. तबकातील कापराचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि थोडी काजळी तयार झाली. आता जगातील कोणत्याही खोलीत तो कापूर शोधून सापडणार नाही. हा रासायनिक बदल.

शाळेत या दोहोंतील फरक एका वाक्यात सांगत : भौतिक बदल उलटविता येतो, रासायनिक बदल येत नाही. हे वाक्य सोयीचे आहे, पण भरवशाचे नाही. काच फुटणे किंवा लाकडाचा भुसा होणे हे भौतिक बदल आहेत, पण ते परत फिरत नाहीत. आणि चुन्याची कथा तर नेमकी उलट आहे.

चुनखडक भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडक १०० किलो घेतला तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. या कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, भांडे हात लावू न देण्याइतके तापते, आणि १८ किलो पाणी पोटात घेऊन ७४ किलो विरलेला चुना तयार होतो. हा चुना वाळूबरोबर घाण्यात मळून भिंतीत भरतात. आपल्या गडकिल्ल्यांवर असे दगडी घाणे अजून पाहावयास मिळतात. भिंतीतील चुना मग वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत राहतो, पाणी सोडतो आणि ७४ किलोचे पुन्हा १०० किलो होतात. म्हणजे पुन्हा चुनखडकच. गवंड्याने भरलेला ओला चुना हळूहळू दगड होतो, तो असा. तिन्ही बदल रासायनिक, आणि तरीही शेवटी आपण निघालो तेथेच पोहोचलो.

तेव्हा बदल परत फिरतो की नाही हे विचारून भागत नाही. विचारावयाचे ते हे की, नवे द्रव्य तयार झाले का? आणि त्याचे उत्तर देण्यास तराजूची फार मदत होते. वरील हिशेबात एक किलोही हरवला नाही किंवा जादा आला नाही, हे ध्यानात घ्यावे. फ्रान्सच्या लाव्हाझिएने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्येक प्रयोगाचा असा ताळेबंद मांडला, आणि रसायनशास्त्राला आजचे रूप आले.

मिश्रण, संयुग आणि मूलद्रव्य

दुधात पाणी घालता येते, ही गोष्ट कोणास शिकवावी लागत नाही. पण ती शक्य का होते? दूध हे मिश्रण आहे म्हणून. पाणी, स्निग्धांश, प्रथिने, साखर आणि क्षार यांचे प्रमाण त्यात ठरलेले नसते. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारणतः ४ टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या दुधात ७ टक्क्यांच्या आसपास; जनावर, चारा आणि ऋतू यांप्रमाणे त्यात फरक पडतो. प्रमाण बदलले तरी आपण त्याला दूधच म्हणतो. भेसळ करणारा नेमका याच सवलतीचा फायदा घेतो.

पाण्याला अशी सवलत नाही. पाणी कृष्णेचे असो, गंगेचे असो की हिमनगाचे, शुद्ध केल्यावर त्याच्या १८ ग्रॅममध्ये २ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन हेच प्रमाण सापडेल. हे संयुग. घटकांचे प्रमाण ठरलेले, आणि घटकांचे मूळ गुण पार हरवलेले. हायड्रोजन जळतो, ऑक्सिजन जळण्यास मदत करतो, आणि दोहोंच्या संयोगातून आग विझविणारे पाणी तयार होते. मिश्रणात घटक आपला गुण सोडत नाहीत, म्हणून ते गाळून, निवळून, घुसळून किंवा उकळून वेगळे करता येतात. ताक घुसळून लोणी काढणारी गृहिणी मिश्रणच वेगळे करीत असते. पाण्यातून हायड्रोजन काढावयाचा तर विजेसारखा जबर उपाय करावा लागतो.

दूधवाल्याची परीक्षा करण्यासाठी लॅक्टोमीटर वापरतात. तो दुधाची घनता दाखवितो. पाणी घातले की घनता घटते आणि चोरी पकडली जाते. पण साय काढून घेतली की दुधाची घनता वाढते, कारण स्निग्धांश हलका असतो. चतुर माणूस आधी साय काढतो, मग पाणी घालतो, आणि लॅक्टोमीटरचा आकडा पुन्हा जागेवर येतो. म्हणून डेअरीत घनतेबरोबर स्निग्धांशही तपासतात. एक कसोटी फसू शकते. दोन-तीन कसोट्या एकाच वेळी फसविणे कठीण.

संयुग फोडता येते. जे साध्या रासायनिक उपायांनी आणखी फोडता येत नाही ते मूलद्रव्य. या व्याख्येत एक प्रामाणिकपणा दडलेला आहे. 'फोडता येत नाही' याचा अर्थ 'आजवर फोडता आले नाही' असाही होऊ शकतो. दोन हजारांहून अधिक वर्षे पाणी हे मूलतत्त्व मानले गेले. इंग्लंडच्या कॅव्हेंडिशने १७८०नंतरच्या काही वर्षांत हायड्रोजन जाळून पाणी मिळविले आणि लाव्हाझिएने १७८३ मध्ये पाणी मूलतत्त्व नसल्याचे जाहीर केले. त्याच लाव्हाझिएने १७८९ मध्ये ३३ मूलद्रव्यांची यादी छापली. तिच्यात प्रकाश होता, उष्णता होती आणि आपला चुनाही होता! चुना फोडण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. पण आज मूलद्रव्य दिसणारी काही 'माती' उद्या संयुग ठरेल, अशी शंका त्याने बोलून दाखविली होती. १७९४ मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला. १८०८ मध्ये डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम हा धातू वेगळा केला आणि ती शंका खरी ठरली.

पुढे १८६९ मध्ये रशियाच्या मेंडेलिव्हने त्या वेळी ठाऊक असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभार आणि गुणधर्म पाहून एका तक्त्यात मांडली. काही घरे रिकामी राहिली. ती चूक न मानता, तेथे बसणारी मूलद्रव्ये अजून सापडावयाची आहेत असे त्याने सांगितले, आणि त्यांना तात्पुरती नावे देताना संस्कृतमधील 'एक' हा शब्द घेतला : एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये एक-ॲल्युमिनियम सापडले. तोच आपला गॅलियम. शोध लावणाऱ्याने त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलिव्हने तो धातू पाहिलाही नव्हता. पण तक्त्याप्रमाणे घनता ५.९च्या आसपास हवी, पुन्हा मोजा, असे त्याने कळविले. धातू अधिक शुद्ध करून मोजला तेव्हा ५.९च निघाली. वर्गीकरण नीट केले तर ते न पाहिलेल्या वस्तूविषयीही बोलू लागते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. आज त्या तक्त्यात ११८ मूलद्रव्ये आहेत.

पुन्हा त्या दोन बाटल्या

आता त्या बाटल्यांकडे परत जाऊ. दोन्हींतील द्रव संयुगे आहेत आणि दोन्हींतील मूलद्रव्ये तीच आहेत : कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. फरक आहे तो संख्येचा. इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक अणू. मिथेनॉलमध्ये कार्बनचा एक, हायड्रोजनचे चार आणि ऑक्सिजनचा एक. एवढ्याने काय बिघडले, असे वाटेल. पण इथेनॉल सुमारे ७८ अंशांना उकळते आणि मिथेनॉल सुमारे ६५ अंशांना. म्हणजे योग्य कसोटी लावताच दोघे वेगळे वागतात.

खरा फरक दिसतो तो शरीरात. यकृतातील विकर दोघांनाही सारखेच वागविते; त्यालाही फरक कळत नाही. इथेनॉलपासून शेवटी ॲसेटिक आम्ल तयार होते, जे व्हिनेगारमध्ये असते आणि ज्याची शरीर विल्हेवाट लावू शकते. मिथेनॉलपासून मात्र फॉर्माल्डिहाइड आणि त्यापासून फॉर्मिक आम्ल बनते; मुंगीच्या दंशात असते तेच. ते शरीरात साचते, रक्त आम्लधर्मी करते आणि डोळ्याच्या मज्जातंतूवर घाव घालते. सुमारे १० मिलिलिटर मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते. हा रासायनिक बदल होण्यास वेळ लागतो, म्हणून अनेकदा १२ ते २४ तास माणसाला फारसे काही वाटत नाही. अंधूक दिसू लागेपर्यंत अमूल्य वेळ निघून गेलेला असतो. वेळीच रुग्णालयात पोहोचलेल्या रोग्याला त्या विकराला अडवून धरणारे औषध देता येते. साचलेले विष रक्तशुद्धीकरणाने काढता येते. म्हणून संशय येताच, त्रास होण्याची वाट न पाहता, रुग्णालय गाठले पाहिजे.

ज्योतीचा रंग पाहून किंवा वास घेऊन विषारी दारू ओळखता येते, असे सांगणारे लोक भेटतात. त्यावर विश्वास ठेवू नये. दोन्ही द्रव एकमेकांत आणि पाण्यात मिसळलेले असताना घरच्या घरी लावता येईल अशी भरवशाची कसोटी नाही. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्राने मिश्रणातील घटक एकामागून एक वेगळे काढतात, तेव्हाच निश्चित उत्तर मिळते. दुधाच्या बाबतीत जे आपण पाहिले, तेच येथेही लागू आहे.

स्थायू की द्रव, भौतिक की रासायनिक, मिश्रण की संयुग, हे सगळे प्रश्न परीक्षकाने छळण्यासाठी काढलेले नाहीत. समोरची वस्तू काय आहे आणि ती पुढे काय करील, हे जाणून घेण्याच्या त्या पायऱ्या आहेत. आपल्यापैकी फार थोडे पुन्हा प्रयोगशाळेत पाऊल टाकतील. पण घर सर्वांनाच आहे. संडास धुण्याचे ॲसिड, रॉकेल, रंगाचा थिनर हे द्रव पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि तहानलेले मूल बाटलीचे रूप पाहूनच ती तोंडाला लावते. आज घरी गेल्यावर असली एखादी बाटली दिसली, तर तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून ती मुलांच्या हाताबाहेर, कुलपात ठेवावी. विसरलेल्या धड्याची इतकी उजळणी झाली तरी पुष्कळ झाले.